होडीचा थांबा

नारळी पौर्णिमा होऊन चार-पाच दिवस झाले आणि आमचं जेवणाचं टेबल अजून स्वच्छ आहे. त्यावर वायरींचा गुंता नाही, पक्कड नाही, आमटीच्या पातेल्याशेजारी सुटे स्क्रू नाहीत. मी टेबलाशी बसून जेवतो आणि मला सारखं चुकल्यासारखं वाटतं.

श्रावणाचा उरलेला पंधरवडा आणि भाद्रपदाचे पहिले तीन-चार दिवस हा आमच्या घरचा एक वेगळा ऋतू होता. पंचांगात त्याला नाव नाही. बाहेर मरोळच्या रस्त्यावर मंडपाचे बांबू येऊन पडत, भाजीवाल्यांकडे गणपतीवर टांगायची कवंडळं आणि ओल्या सुपाऱ्या दिसायला लागत, आणि आमच्या घरात राळेचा वास भरे. सोल्डरिंगची तार वितळली की तिच्यातल्या राळेचा धूर निघतो, त्याचा वास. थोडा देवळातल्यासारखा, थोडा जळकट. अजूनही मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवरून तो वास आला की माझे पाय थांबतात. टपरीवाल्याला वाटतं गिऱ्हाईक आलं. तो विचारतो, "काय झालं काका, डिस्प्ले गेला?" मी काहीतरी पुटपुटतो आणि पुढे जातो.

हा ऋतू घरात आणला माझ्या बायकोने. नलिनी ही वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रॉनिक्सच्या एका कारखान्यात ती सोल्डरिंगच्या बाकावर बसायची. मी त्याच रस्त्यावरच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचो. आमची ओळख चहाच्या गाडीवर झाली. मी गाडीवरच्या पाटीतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका चहावाल्याला समजावून सांगत होतो आणि ती मागून म्हणाली, "अहो मास्तर, चहा गोड आहे ना? मग प्या." मी मास्तर कधीच नव्हतो. पण जन्मभर तिने मला मास्तरच म्हटलं. 'अहो' मात्र त्याच दिवशी संपलं.

रविवारी आम्ही वर्सोव्याहून मढला जाणाऱ्या होडीत बसायचो. खाडी काही फार रुंद नाही. चढेपर्यंत उतरायची वेळ येते. पण तेवढ्या पाण्यावर आम्हाला कोणी ओळखत नसे, म्हणजे मला कोणी ओळखत नसे. तिला तर अख्खी होडी ओळखायची. अडचण एकच होती, की मी उशिरा यायचो. नेहमीच. ती धक्क्यावर चपला हातात घेऊन उभी असायची, होडी निघून अर्ध्या खाडीत गेलेली असायची, आणि मग पुढची येईपर्यंत सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात मला बोलणी खावी लागायची. "होडी काय तुझ्या बापाची आहे, तुझ्यासाठी थांबायला?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की पुढे लग्नात अंतरपाट धरला तेव्हा भटजींच्या आधी मला तेच ऐकू आलं.

आमच्या घरचा गणपती मालवणहून आलेला. म्हणजे वडील गावाहून मुंबईला आले आणि काही वर्षांनी भावकीला विचारून त्यांनी देव इथे आणला. कारखान्यातून सुटल्यावरही नलिनीच्या हातांना चैन नव्हती, त्यामुळे दरवर्षी देवापुढे ती काहीतरी हलतं करायची. एका वर्षी रहाट फिरला, एका वर्षी गवळण ताक घुसळत होती, एका वर्षी उंदीर देवाला वारा घालत होता. तो उंदीर चौथ्या दिवशी पेटायला आला, पण तो वेगळा विषय आहे.

या सगळ्याला माझ्या आईने एक नियम घालून दिला होता. मूर्ती आणताना तिचं तोंड झाकतात, प्राणप्रतिष्ठा झाल्याशिवाय कोणी देवाकडे नीट बघत नाही, तसंच देखाव्याचं. "देवाच्या आदी कोणीच बगूचा नाय," आई म्हणायची. देखावा देवासाठी केला, तर तो पहिला देवाने बघायचा. त्यामुळे मोटर वेगळी चालवून पाहायची, चित्र वेगळं रंगवायचं, पण दोन्ही जोडून चालवायचं ते चतुर्थीला, पूजा झाल्यावर. आईनंतर हा नियम पातळ होईल असं मला वाटलं होतं. पण नलिनीने तो आईपेक्षा कडक केला. सासूशी तिचं फारसं पटलं नाही, पण सासूचे नियम तिने मोडले नाहीत.

गेल्या वर्षी तिने ठरवलं, होडी करायची. वर्सोव्याचा धक्का, मध्ये खाडी, पलीकडे मढ. होडी या काठावरून निघेल, त्या काठाला लागेल, परत येईल.

तेव्हा तिची केमो चालू होती. बाकी सगळं तिने शिव्या देत सोसलं, पण औषधाने बोटांची टोकं बधिर झाली त्याचा तिला फार राग आला. चहाचा कप गरम आहे की गार ते कळेना. सोल्डरिंगचं हत्यार तिने एकदा उलटं धरलं, आणि चटका बसलाय हे तिला वासावरून समजलं. त्या दिवशी तिने ते टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे सरकवलं. "मास्तर, हात तुझे, डोकं माझं," ती म्हणाली. मी आयुष्यात लाल शाईच्या पेनापेक्षा अवघड हत्यार धरलेलं नव्हतं.

पहिल्यांदा मी मोटरच चुकीची आणली. खेळण्यातल्या गाडीची. तिने ती नुसती चालू केली आणि माझ्याकडे बघितलं. "ही होडी आहे का रॉकेट? मढ सोडून पार मालवणला जाईल." मग मी एका ओळखीच्याला विचारून सर्व्हो मोटर आणली. ती जेमतेम अर्धा फेरा फिरते आणि अडते. मग मला ईर्ष्या आली आणि मी एक दणकट चौकोनी स्टेपर मोटर घेऊन आलो, एकेक पाऊल मोजत फिरणारी, मुठीएवढी, चांगली जड. तीन-चार पुस्तकं सहज ओढेल असं दुकानदाराने सांगितलं होतं. नलिनी खूप हसली. हसल्यावर तिला धाप लागायची, तरी हसली.

"ओढायचंय काय आपल्याला? पुठ्ठ्याची होडी आहे रे, मालगाडीचा डबा नाही. हिला पॉवरही जास्त लागेल, ड्रायव्हरचं सर्किटही वेगळं. आपल्याला ताकद नकोय, सावकाशपणा हवाय."

मग तिने मला लॅमिंग्टन रोडवर पाठवलं, आणि दुकानातून व्हिडिओ कॉल करायला लावला. दुकानदाराने काउंटरवर एक चपटी चांदीची डबी ठेवली, बाजूला निळं झाकण, त्यातून पाच वायरी. दंतमंजनाच्या डबीएवढीसुद्धा नव्हती. तिच्या पोटात बारीक दातेरी चाकांची रांग असते. आतलं चाक भराभर गरगरतं तेव्हा कुठे बाहेरचा दांडा जरासा पुढे सरकतो. फोनमधून नलिनी दुकानदाराला म्हणाली, "भाऊ, जोडून चालवून दाखवा. मास्तर, फोन जवळ ने. अजून जवळ." दुकानदाराने एक चालवली. "ही नको, चाकं खरखरतायत. दुसरी." दुसरीही नको. तिसरी ती नुसती ऐकत राहिली. गिऱ्हाइकं खोळंबली होती. मग म्हणाली, "ही. आणि हातानं तिचा दांडा फिरवू नकोस हां घरी येताना, दात तुटतील आतले." मी ती डबी शर्टाच्या खिशात घालून, वरून हात ठेवून घरी आणली.

मोटर जोडली आणि ती फिरेना. जागच्या जागी थरथरायला लागली, नुसती गुणगुणत. मला वाटलं बिघडली. मोटरला हुकूम पोचवणाऱ्या ड्रायव्हरच्या छोट्या बोर्डावर चार लाल दिवे असतात, ते सगळे लुकलुकत होते, म्हणजे करंट पोचत होता. नलिनी दिव्यांकडे बघत म्हणाली, "बिघडली नाहीये, बावरलीये. चार जणांनी चार दिशांना बोलावलं तर माणूस काय करेल? दोन वायरींची अदलाबदल झालीये तुझी." मी अदलाबदल केली आणि मोटर सावकाश, अगदी सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी, वळायला लागली. मी टाळी वाजवली. तिने तिच्या बधिर बोटांनी माझ्या पाठीवर थोपटलं.

मी सगळ्या चुका केल्या. मोटरला पॉवर थेट प्रोग्रॅम चालवणाऱ्या कंट्रोलरच्या बोर्डातून दिली, तर मोटर फिरली की बोर्ड बंद पडायचं. "दोघांचं वेगळं वाढ," ती म्हणाली. "फक्त ग्राउंडची वायर एकत्र ठेव, नाहीतर एकमेकांचं बोलणं कळणार नाही." दांड्यावर दोऱ्याचं रिकामं रीळ बसवलं, ते घसरायचं. होडी ओढायला शिवायचा दोरा घेतला, तो दमट हवेत ताणला जायचा. मग तिच्या भावाने वर्सोव्याहून तंगूस आणून दिली, मासे धरायचा पारदर्शक नायलॉनचा दोरा. खाडीसाठी तिने स्वतःची जुनी निळी साडी काढली. मी म्हटलं, चांगली साडी आहे, राहू दे. ती म्हणाली, "आता कुठे नेसून जायचंय?" हे ती इतकं सहज म्हणाली, की मी उठून गॅसवर काही ठेवलंय का ते बघायला गेलो. गॅसवर काही नव्हतं.

मोटर किती तापते ते बघायला ती बोट लावायची नाही. बोटांना कळतच नव्हतं. ती मोटर उचलायची आणि गालाला लावायची. डोळे मिटून, जरा वेळ. "ठीक आहे. तापते, पण सोसेल इतकीच." मला तो विषय तेव्हा फार कळत नव्हता. मी विचारलं, थांबलेली असतानाही ही का तापते? ती म्हणाली, "थांबली म्हणजे सुटली नाही ना. करंट चालू ठेवला की ती आपली जागा धरून बसते. उभं राहायलाही जोर लागतो रे." आणि मोटर परत गालाला लावली. मला वाटतं तिला ती ऊब आवडायची. त्या दिवसांत तिला सारखी थंडी वाजायची.

या मोटरचा एक दोष आहे. आपण कुठे आहोत हे तिला कळत नाही. किती पावलं टाकली एवढंच कळतं, आणि वीज गेली की तेही विसरते. म्हणून काठावर एक बारीक स्विच बसवावा लागतो. चालू केल्याबरोबर होडीने आधी हळूहळू मागे यायचं, वर्सोव्याच्या धक्क्यावरच्या स्विचला टेकायचं, आणि मग तिथून मोजायला सुरुवात करायची. तो स्विच आम्ही माझ्या जुन्या माऊसमधून काढला, ज्या माऊसवर मी निवृत्त होईपर्यंत पानं तपासली. "आधी घर शोधायचं, मग फिरायला जायचं," नलिनी म्हणाली. कारखान्यात ह्याला होमिंग म्हणतात, असंही म्हणाली.

प्रोग्रॅम मी टाइप केला, ती सांगत होती. टायपिंग मला येतं. एकाही सेमिकोलनची चूक मी केली नाही, आणि त्याबद्दल तिने माझं कौतुकही केलं. फक्त धक्क्यावर होडीने किती वेळ थांबायचं तिथे आमचं वाजलं. मढच्या काठावर तिने जेमतेम थांबा ठेवला आणि वर्सोव्याच्या काठावर भलामोठा. मी म्हटलं, अगं, एवढा वेळ होडी हलली नाही तर लोकांना वाटेल बंद पडली. ती म्हणाली, "वाटू दे."

"पण कशाला?"

"कोणीतरी उशिरा येतंच," ती म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली. मी तो आकडा तसाच ठेवला.

सगळं तयार झालं. पुठ्ठ्याची होडी रंगवून झाली. माणसं तेवढी राहिली. "माणसं शेवटी बसवू," ती म्हणाली होती. मोटरची चाचणी नियमाप्रमाणे होडीशिवायच केली. दांड्याला कागदाचं एक निशाण चिकटवलं, ते तिकडे वळलं, थांबलं, इकडे वळलं, थांबलं. होडी कपाटावर रुमालाखाली झाकलेली होती. तंगूस बांधली की झालं, दोन गाठींचं काम.

एका दुपारी तिला खूप ताप आला. मुलुंडहून आमची मुलगी मधुरा निघाली होती, ती आली की इस्पितळात जायचं होतं. नलिनी त्या टेबलाशी शाल पांघरून बसली होती, आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हणालो, "नलू, बांधू का होडी? एकदा बघून घे."

तिने होडीकडे बघितलं, म्हणजे रुमालाकडे. तिला बघायची होती. मी तिला इतकी वर्षं ओळखतो, तिला फार बघायची होती.

"देवाआधी नको," ती म्हणाली.

"देव काही म्हणणार नाही गं."

"देव नाही म्हणणार. तुझी आई म्हणेल." मग हसली. "चतुर्थीला बघू की. कुठे पळून जातेय होडी?"

चतुर्थीला चार दिवस असताना ती गेली.

सुतक आलं, म्हणून देव आला नाही. कोकणात मूर्तिकाराकडे आपला पाट आधीच देऊन ठेवायची पद्धत असते, त्या पाटावरच आपली मूर्ती घडते. तो पाट आणायला मीच गेलो. कारखान्यात दाटीने मूर्ती उभ्या होत्या, ओल्या रंगाचा वास होता. मूर्तिकाराने आमची मूर्ती दुसऱ्या कोणाला दिली होती. त्याने पाट ओल्या फडक्याने पुसला आणि म्हणाला, "काका, कागदात बांधून देऊ?" मी नको म्हटलं. रिकामा पाट काखेत घेऊन मी मरोळ नाक्यापर्यंत चालत आलो. समोरून लोक मूर्ती घेऊन येत होते, तोंडावर रुमाल टाकलेल्या. माझ्या पाटाकडे बघून एक-दोघांनी वाट दिली. त्यांना समजलं असणार.

मी देवावर रागावलो होतो. अजूनही आहे. आईवरही रागावलो. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही असं म्हणतात, पण मला चांगलं जमलं. दोन गाठींचं काम होतं. देवाला दरवर्षी दहा घरं सोडून अकराव्या घरी काहीतरी हलतं बघायला मिळतं. तिला एकच होडी बघायची होती, आणि ती तिनेच केली होती.

होडी, साडी, मोटर, सगळं मी एका खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. भरताना मोटरचा दांडा फिरवला गेला नाही ना, याची मात्र काळजी घेतली.

हे लिहायला घेतलं तेव्हा टेबल स्वच्छ होतं. मध्ये मधुरा येऊन गेली. विचारलं नाही, नुसता पाट उचलला आणि मूर्तिकाराकडे देऊन आली. परत येऊन म्हणाली, "बाबा, माळ्यावरचं खोकं काढूया ना?" मी म्हटलं, काय गरज आहे. ती म्हणाली, "गरज कशाला हवी? आईने केलंय ते." मग आम्ही खोकं काढलं. साडीला अजून राळेचा वास होता. मी ती टेबलावर पसरली आणि पुढचे काही दिवस आम्ही दोघं जमिनीवर बसून जेवलो.

मधुराने विचारलं, होडीत माणसं बसवायची का? मी नाही म्हटलं. दोन गाठी चतुर्थीच्या सकाळी, पूजा झाल्यावर मी मारल्या. पहिली गाठ सुटली. मधुराचा हात पुढे आला, तिला मी करू दिलं नाही.

मग बटण दाबलं. चार लाल दिवे लुकलुकले. होडी खाडीच्या मध्यावर होती, तिला आपण कुठे आहोत ते माहीत नव्हतं. क्षणभर काहीच झालं नाही, दात एकमेकांत अडकेपर्यंत लागतो तेवढा वेळ. मग ती हळूहळू मागे यायला लागली, निळ्या साडीवरून, जराही न हिसकता. वर्सोव्याच्या धक्क्याला टेकली. माझ्या जुन्या माऊसच्या स्विचची टिक ऐकू आली. आणि ती थांबली.

थांबली ती थांबलीच. आरतीला आलेले शेजारी एकमेकांकडे बघायला लागले. मधुरा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, बंद पडली का?"

"नाही गं. थांबलीये."

"एवढा वेळ?"

मी पुठ्ठ्यामागे हात घातला. मोटर गरम झाली होती, जागा धरून बसली होती. मला वाकून गाल लावायचा होता, पण लोक होते, म्हणून नुसता तळहात ठेवला. धक्का माझ्यासमोर होता, होडी लागलेली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेवर आलो होतो.

होडी पुष्कळ थांबली. मग रिकामीच निघाली.